ताकद दोनशेची, पकड तळहाताएवढी

पहिलीच मोठी स्पोर्ट बाईक घेतोयस, तर पॉवरचा आकडा जरा बाजूला ठेव. कावासाकीची झेडएक्स-१०आर दोनशे हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद काढते, पण ती रस्त्यावर उतरते मागच्या टायरच्या तळहाताएवढ्या जागेतून. खालच्या गिअरमध्ये थ्रॉटल एकदम उघडलास, की पुढचं चाक उचलणार नाहीतर मागचं घसरणार. म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल. मागचं चाक पुढच्यापेक्षा जास्त फिरतंय हे सेन्सरला कळलं, की ते इंजिनची ताकद कापतं. ग्रिप मात्र रत्तीभरही वाढवत नाही.

हे मी मुद्दाम सांगतोय. उसाच्या हंगामात सोलापूरच्या होटगी रोडवर ट्रॉल्यांमधून पडलेला पाला आणि चाकांची माती वळणावर पसरलेली असते. तिथं पुढचं चाक सुटलं, तर ट्रॅक्शन कंट्रोलच्या हातात काही नसतं. एबीएस म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. त्यातला कॉर्नरिंग एबीएस बाईक किती कललीय ते मोजून ब्रेकचा दाब सांभाळतो, साध्या एबीएसला तो कोन कळतच नाही. घेताना हा फरक नक्की विचार. पण पाल्यावर दोन्हींची मर्यादा सारखीच, म्हणून वेग वळणाच्या आधीच कमी कर.

सुरुवातीचे दोन महिने रेन मोडवर, म्हणजे ताकद कमी ठेवणाऱ्या सेटिंगवर चालव, कोणी काही म्हणो. आणि हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपास. मे महिन्यात दुपारी विजापूर रोडवरून आल्यावर गेज लावलास तर आकडा चढाच दिसेल, तो बघून हवा सोडू नकोस.