486 च्या पीसीत चार-सहा फ्लॉपी ड्राइव्ह लावता येतात का? बायोसमध्ये तर दोनच दिसतात

हो भाऊ, लावता येतात. चार तर नक्कीच, आणि कार्ड बरोबर मिळालं तर आठपर्यंत जाता येतं. तुम्ही लिहिलंय की 486 चा (नव्वदच्या दशकातल्या जुन्या प्रोसेसरचा) बोर्ड आहे, सव्वापाच इंची आणि साडेतीन इंची दोन्ही ड्राइव्ह जमवलेत, पण कुठलीही केबल लावली तरी बायोस (पीसी चालू होताना आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) ए आणि बी च्या पुढं जात नाही. मी जळगावात असाच चार ड्राइव्हचा डबा उभा केलाय, अमळनेरच्या एका छापखान्याच्या जुन्या फ्लॉप्या वाचायला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी हे डोक्यातून काढा की दोनची मर्यादा फ्लॉपी कंट्रोलर चिपची आहे. आयबीएमनं 1981 च्या पहिल्या पीसीत एनईसीची 765 ही चिप वापरली, ती चार ड्राइव्ह ओळखते, आणि त्या पीसीच्या फ्लॉपी कार्डावर आतल्या बाजूला दोन ड्राइव्हची केबल आणि मागच्या बाजूला 37 पिनचं कनेक्टर होतं, त्यावर बाहेर अजून दोन लावता यायचे. म्हणजे चार ड्राइव्हची सोय पहिल्या दिवसापासून होती. पुढं 1984 च्या एटी या आयबीएमच्या पीसीपासून सीमॉसमध्ये (सेटिंग साठवणाऱ्या छोट्या मेमरीत) ड्राइव्हची माहिती ठेवायला एकच बाइट दिली, अर्धी ए ला आणि अर्धी बी ला, आणि पुढच्या बहुतेक बायोसनं तेच धरून ठेवलं. तुमचं 486 त्याच घराण्यातलं.

दुसरी अडचण केबलची. मूळ शुगार्ट (फ्लॉपी ड्राइव्ह बनवणारी कंपनी) पद्धतीत मोटारची लाइन सगळ्यांना मिळून एकच राहते आणि ड्राइव्ह निवडायच्या लाइन चार. आयबीएमनं प्रत्येक ड्राइव्हची मोटार वेगळी चालू-बंद व्हावी म्हणून त्यातल्याच वायर मोटारकडं वळवल्या आणि 10 ते 16 नंबरच्या वायरींना पीळ दिला, त्यामुळे सगळ्या ड्राइव्हचा जंपर (पिनांवर बसवायची छोटी टोपी) डीएस 1 वर (म्हणजे ड्राइव्ह सिलेक्ट 1) ठेवायचा, पिळाच्या पुढचा ए आणि पिळाच्या आधीचा बी, विषय संपला. म्हणून त्या केबलवर तिसरा ड्राइव्ह लावून काहीच होत नाही, उलट दोन ड्राइव्ह एकदम बोलायला लागतात आणि एकही नीट वाचत नाही.

आता उपाय. सगळ्यात स्वच्छ रस्ता म्हणजे स्वतःचा बायोस असलेलं आयएसए (जुन्या पीसीतल्या कार्डाच्या स्लॉटचा प्रकार) फ्लॉपी कार्ड. सर्गेई किसेल्योव्ह यांचं मॉन्स्टर एफडीसी नावाचं डिझाइन खुलं आहे, त्यावर दोन कंट्रोलर आहेत आणि आठ ड्राइव्ह लागतात, पीसीबी छापून घेऊन स्वतः सोल्डरिंग करता येत असेल तर डोळे झाकून हेच करा. बोर्डावरचा किंवा मल्टी आयओ (डिस्क आणि पोर्ट एकत्र देणाऱ्या) कार्डावरचा फ्लॉपी कंट्रोलर मात्र आधी बंद करायचा, नाहीतर 3एफ0 या पत्त्यावर दोघंही हक्क सांगतात. दुसरा रस्ता, साधंच दुसरं फ्लॉपी कार्ड 370 पत्त्यावर जंपर करून लावायचं. डॉसला ते आपोआप कळत नाही, पण लिनक्सच्या फ्लॉपी ड्रायव्हरला टू एफडीसी असा पर्याय दिला की तो दुसऱ्या कंट्रोलरचे ड्राइव्ह एफडी 4 पासून पुढं दाखवतो. डॉसमध्येच काम करायचं असेल तर कॉन्फिग डॉट सिस या डॉसच्या सेटिंग फाइलमधली ड्रायव्हर डॉट सिसची ओळ जास्तीच्या ड्राइव्हला अक्षर देते, पण खालचा बायोस त्या ड्राइव्हला ओळखत असेल तरच, ही अट बरेच जण विसरतात आणि मग दोन-दोन दिवस त्या ओळीतच अडकतात.

माझं खरं म्हणणं पुढं आहे. आकडा वाढवायला म्हणून ड्राइव्ह लावू नका, प्रत्येक ड्राइव्हला स्वतःचं काम पाहिजे. माझ्या मते बरोबर संच चारचा: 360 केबी, 1.2 एमबी, 720 केबी आणि 1.44 एमबी. यातला 720 वाला एकवेळ सोडला तरी चालेल, कारण 1.44 चा ड्राइव्ह 720 ची फ्लॉपी नीट वाचतो आणि लिहितोही. पण सव्वापाच इंचीत तसं नाही बरं का, तिथं दोन्ही लागतातच. 360 च्या ड्राइव्हमध्ये एका बाजूला 40 ट्रॅक राहतात आणि 1.2 मध्ये 80, म्हणजे 1.2 चं हेड जवळपास निम्म्या रुंदीचं. ते 360 ची फ्लॉपी वाचतं, पण तिच्यावर लिहिलं की ट्रॅक्टरच्या चाकोरीतून सायकल गेल्यासारखं होतं, मधे नवीन डेटा आणि कडेला जुना तसाच, मग तीच फ्लॉपी खऱ्या 360 च्या ड्राइव्हमध्ये टाकली की त्याला दोन्ही एकदम ऐकू येतात आणि एरर येते. वेगही वेगळा, 360 चा ड्राइव्ह मिनिटाला 300 फेरे आणि 1.2 चा 360. वरून लेपसुद्धा वेगळा, साध्या फ्लॉपीचा 300 ओर्स्टेडच्या (चुंबकीय जोराचं एकक) आसपास आणि हाय डेन्सिटीचा 600, म्हणून साध्या फ्लॉपीला 1.2 वर फॉरमॅट करून वापरायचा प्रयत्नच करू नका. नियम एकच ठेवा, 360 ची फ्लॉपी 1.2 मध्ये फक्त वाचायची.

जोडताना दोन गोष्टी बघा. जुन्या सव्वापाच इंची ड्राइव्हवर 150 ओहमचा टर्मिनेटर रेझिस्टर पॅक असतो, तो केबलच्या शेवटच्या ड्राइव्हवरच ठेवायचा, बाकीच्यांचा काढायचा. आणि 34 नंबरची पिन. एटीपासून ती फ्लॉपी बदलली हे सांगायला वापरतात. ती चुकीची असली की तुम्ही दुसरी फ्लॉपी घातली तरी डीआयआर (फायलींची यादी) केल्यावर आधीच्याच फायली दिसतात, आणि अशा वेळी काही लिहिलं तर जुन्या फ्लॉपीचा फॅट (कुठली फाइल कुठं आहे त्याचा तक्ता) नव्या फ्लॉपीवर जाऊन बसतो आणि आतलं सगळं गेलंच समजा. म्हणून लिहायचं नसेल तेव्हा प्रत्येक फ्लॉपीला राइट प्रोटेक्ट करा. सव्वापाच इंचीची खाच चिकटपट्टीनं झाका (पारदर्शक नको, काही ड्राइव्हचा सेन्सर प्रकाशावर चालतो), साडेतीन इंचीचं खिडकीवालं बटण उघडं ठेवा.

ड्राइव्ह कुठं मिळतील विचारलंय. जळगावच्या गोलाणी मार्केटला विचारून बघा, पण सव्वापाच इंची मिळायचे तर भंगारवाल्याकडं किंवा जुन्या ऑफिसच्या माळ्यावरच. साडेतीन इंचीसाठी सुरत-उधन्याला आपली कितीतरी माणसं आहेत, त्यांना सांगून ठेवा, एम्ब्रॉयडरी मशीनमधले फ्लॉपी ड्राइव्ह काढून लोक पेनड्राइव्हवाले गोटेक बसवतात, ते काढलेले ड्राइव्ह मला तिथूनच मिळाले. फक्त मशीनमधला ड्राइव्ह बऱ्याचदा डीएस 0 वर असतो आणि 34 नंबरला रेडी सिग्नल देतो, पीसीला लावण्याआधी जंपर बदलावे लागतात.

पॉवरचं थोडक्यात, जुना एटी एसएमपीएस (पॉवर सप्लाय) उघडून फुगलेले कपॅसिटर बदलून घ्या, मे महिन्यात आपल्याकडं 45 च्या वर पारा जातो तेव्हा तो उगाच चालू ठेवू नका, आणि बोर्डावर निळी पिंपासारखी बॅटरी असेल तर आजच काढा, ती गळून बोर्डावरच्या तांब्याच्या वाटा (ट्रेस) खाते. हेडच्या रॉडवरचं ग्रीस आपल्या धुळीनं आणि उन्हानं चिकट होऊन बसतं, ते पुसून नवीन हलकं लावलं की मेलेले वाटणारे अर्धे ड्राइव्ह उठून बसतात.

फ्लॉपी घालण्याआधी तिच्याकडं उजेडात नीट बघा. पावसाळ्यात ओल धरलेल्या फ्लॉपीवर पांढरी बुरशी राहते, ती तशीच फिरवली की हेड खराब होतं आणि मग तेच हेड पुढच्या चांगल्या फ्लॉप्या खरवडतं. किरकिर आवाज आला की लगेच बाहेर, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं, मगच पुढची.

आणि फ्लॉपी चालू झाली की फायली एकेक कॉपी करत बसू नका, आधी पूर्ण फ्लॉपीची इमेज (एका फाइलमध्ये हुबेहूब प्रत) काढा. जी डॉसमध्ये वाचलीच जात नाही तिच्यासाठी ग्रीझविझल घ्या, ते यूएसबीवर चालतं आणि सेक्टर न बघता थेट चुंबकीय बदल उतरवून घेतं. छापखान्याच्या फ्लॉप्यांमधला मजकूर उघडल्यावर नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसली तर फाइल खराब झाली असं समजून टाकून देऊ नका. तेव्हा पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड लावून डॉसमध्ये मराठी टाइप करायचे आणि ते इस्की (भारतीय लिप्यांच्या) कोडमध्ये साठायचं, त्याचं भारतीय मानक 1991 चं आहे, त्यामुळे तक्ता समोर ठेवून ते युनिकोडमध्ये आणता येतं. अमळनेरच्या फ्लॉप्यांमधल्या लग्नपत्रिका आणि गावच्या सप्त्याची हँडबिलं मी अशीच वाचली, त्यातली कितीतरी नावं आज कुठल्याच कागदावर नाहीत.

तुमच्या बोर्डावर आयएसए स्लॉट किती रिकामे आहेत आणि फ्लॉपी कंट्रोलर बोर्डावर आहे की कार्डावर तेवढं प्रश्नात वाढवा, म्हणजे कुठला जंपर कुठं लावायचा ते नेमकं सांगता येईल.