सांगलीत स्वयंसेवक व्हायचंय, पण नेमकं कोणतं काम घेऊ?

बँकेत नोकरी, रविवार मोकळा, अनोळखी माणसांशी बोलायला संकोच, वृक्षारोपणाला जाऊन मन लागलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग ‘कुठली संस्था चांगली’ हे राहू द्या. आधी वार आणि कामाची जात बघा.

रविवारच मोकळा असेल तर मिरजेच्या सरकारी दवाखान्यात रांगेतल्या पेशंटना मदत करणं जमणार नाही, ओपीडी त्या दिवशी बंद. (कानडी येत असेल तर एखादी रजा टाकून जरूर जा. सीमेपलीकडून आलेल्यांना केसपेपरपासून अडतं.) मुलांना शिकवायचं तर जून ते एप्रिल टिकायची तयारी हवी. दिवाळीनंतर गळणारे शिक्षक मुलांनी पुष्कळ पाहिलेत. बालगृहात चारित्र्य पडताळणी मागतील, ती द्या, आणि मुलांचे फोटो कुठेही टाकू नका; त्यांची ओळख उघड करणं गुन्हा आहे.

झाडांचं म्हणाल, तर जुलैत खड्डे आणि फोटो यांना माणसं उदंड मिळतात. खरी चणचण फेब्रुवारी ते मे. जत-आटपाडीच्या दुष्काळी भागाकडे पाणी घालायला आणि शेळ्यांपासून कुंपण राखायला कोणी नसतं. गर्दी नको असेल तर हे उन्हाळी काम एकदा करून बघा.

पण तुमच्यासाठी माझं पहिलं मत हिशेबाला. लहान संस्था इथेच लंगडतात. देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता (80जी) असलेल्या संस्थेला देणगीदारांचा तपशील दरवर्षी 31 मेपर्यंत आयकर खात्याकडे भरावा लागतो. पावतीवर पॅन नाही किंवा एक अक्षर चुकलं, की देणगीदाराची वजावट अडकते आणि तो पुढच्या वर्षी फिरकत नाही. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये शुल्क. रोखीतली 2000 च्या वरची देणगी सवलतीत बसत नाही, हेही पावती फाडणाऱ्याला अनेकदा ठाऊक नसतं. महिन्यातून दोन रविवार पावत्या आणि बँक खातं ताडून पाहिलंत, तर मे महिन्यातली धावपळ टळते. सही आणि पैसे काढायचे अधिकार मात्र स्वतःकडे घेऊ नका.

दुसरं काम पुराचं, तेही पाणी यायच्या आधीचं. सांगलीत कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी, 45 धोका पातळी. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्या वेळी धावून येणारे भरपूर होते, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे हे सांगणारे थोडे. मे महिन्यात आपल्या प्रभागापुरती यादी करा: सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरसारख्या आधी बुडणाऱ्या भागात एकटे राहणारे वृद्ध, डायलिसिसवाले, गरोदर बायका, जनावरं, आणि प्रत्येकाच्या नातेवाईकाचा नंबर. घरी विचारायला जाताना गल्लीतल्या ओळखीच्या बाईंना बरोबर घ्या, म्हणजे संकोचही आड येणार नाही. यादी कागदावर काढून महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात द्या; पुरात वीज गेली की मोबाईल बंद पडतात. व्हॉट्सॲपवर ती फिरवायची नाही.

संस्थेला फोन करताना ‘काहीही काम द्या’ म्हणालात तर खुर्च्या लावायला मिळतील. ‘मला टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर येतं, पहिला आणि तिसरा रविवार, दहा ते एक’ असं सांगा. काम कोण सांगणार आणि प्रवासखर्च कोणाचा, हे त्याच फोनवर विचारा. बोली चार रविवारांचीच करा. नाही जमलं तर तसं कळवून टाका आणि पावतीपुस्तक, चावी, पासवर्ड जे काही हाती असेल ते लेखी पोच घेऊन परत करा.