वडील कोमात आहेत, त्यांचा अंगठा घेऊ नका

ताई, मेसेज वाचला. बाबांना ब्रेन हॅमरेज होऊन चार महिने झाले, शुद्ध नाही, आई नळीतून भरवते, पेन्शन आणि एफडी एकट्या बाबांच्या नावावर, बँक म्हणते कोर्टाची ऑर्डर आणा आणि काका म्हणतायत की शाईचं पॅड आणू, स्टॅम्पपेपरवर अंगठा उठवून मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) करू.

आधी काकांना थांबवा, आजच. बेशुद्ध माणसाचा हात धरून उठवलेल्या अंगठ्यात संमती नसते, त्या कागदाला कायद्यात किंमत शून्य आणि उद्या फसवणुकीची केस तुमच्या आईवर येऊ शकते. अहो, मुखत्यारपत्र पूर्वीच केलेलं असतं तरी आता चाललं नसतं, करार कायदा १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की ते संपतं. आई नॉमिनी आहे हे खरं, पण नॉमिनीचं काम माणूस गेल्यानंतरचं.

मग करायचं काय? कोमातल्या माणसाचे पैसे कुणी सांभाळायचे यासाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही, ही मोठी उणीव आहे आणि घरोघरी बायकांना ती भोगावी लागते, मला याचा मनापासून त्रास होतो. १८९० चा पालक कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातला प्रतिनिधी फक्त उपचारांपुरता. म्हणून हायकोर्टात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट याचिका करायची. २०२० मधे मुंबई हायकोर्टानं अशाच केसमधे पत्नीला कोमातल्या नवऱ्याची पालक नेमलंय. आणि त्यासाठी आता मुंबईची वारी नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात सुरू आहे, सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टात.

अर्ज आईच्या नावानं करा. कोर्ट बहुतेक डॉक्टरांकडून बाबांची तपासणी करून घेईल, म्हणून डिस्चार्ज कार्ड, एमआरआय, न्यूरोच्या डॉक्टरांचा दाखला फाईलला लावा, तुम्ही आणि भाऊ दोघांचं ना-हरकत अ‍ॅफिडेव्हिट द्या, आणि काय काय हवंय ते नेमकं मागा, म्हणजे पेन्शन काढणं, एफडी मोडणं, खर्च भागवणं. घर किंवा जमीन विकायची तर मोघम लिहून भागत नाही, त्याची स्पष्ट परवानगी घ्या. ऑर्डर मिळाल्यावर हिशेब द्यावा लागू शकतो, तेव्हा औषधांच्या बिलांपासून आयाच्या पगारापर्यंत सगळं आत्तापासूनच वहीत तारखेसकट लिहायला घ्या.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागेल, अंथरुणावरच्या पेन्शनरसाठी बँकेचा माणूस घरी येतो, तसा अर्ज आधीच देऊन पोच घ्या.