ग्रीसमधलं कोणतं निर्जन बेट पूर्वी तुरुंग होतं?

बहुधा तुम्ही यारोसबद्दल विचारताय. (मक्रोनिसोसही तसंच, पण ते अथेन्सच्या जवळ आणि तिथे मुख्यतः सैनिकांना ‘सुधारण्या’च्या छावण्या होत्या.) यारोस एजियन समुद्रातल्या सिक्लाडीझ द्वीपसमूहात, सीरोस बेटाच्या वायव्येला आहे. खडक, सोसाट्याचा वारा, पाण्याची टंचाई.

हद्दपारीची जागा म्हणून ते रोमन काळापासूनच बदनाम. एका दोषी अधिकाऱ्याला तिथे धाडायचं ठरत होतं, तेव्हा सम्राट टायबेरियसने ‘फार रुक्ष, माणसं नाहीत’ म्हणून त्याला जवळच्या किथनोस बेटावर पाठवलं!

आधुनिक तुरुंग १९४७ चा, यादवी युद्धातला. डाव्या राजबंद्यांना आधी तंबूंत ठेवलं. वाऱ्यात ते टिकेनात. किनाऱ्यावरची तुरुंगाची भलीमोठी इमारत कैद्यांकडूनच, सक्तीच्या मजुरीने बांधून घेतली. १९६७ च्या लष्करी उठावानंतर पुन्हा हजारो लोक तिथे डांबले गेले. जुलै १९७४ मध्ये लष्करी राजवट कोसळली आणि तुरुंग कायमचा बंद झाला.

नंतर नौदलाने बेट गोळीबाराच्या सरावासाठी वापरलं, त्यामुळे जमीन आजही निर्धोक नाही. नियमित फेरीबोट नाही, भोवतालचा समुद्र संरक्षित आहे. दुर्मीळ मंक सीलना (सील या सागरी सस्तन प्राण्याची एक जात) मात्र हीच निर्जनता मानवली आहे.