मुदत संपली की खातं बंद?

प्रश्न : अमेरिकेत टेक्सास राज्यात सरकारी खात्यांची ठरावीक वर्षांनी ‘सनसेट’ तपासणी होते आणि नापास खातं बंद पडतं म्हणे. खरं का?

उत्तर : खरं, पण ‘नापास’ हा शब्द फसवा आहे. १९७७च्या सनसेट कायद्यामुळे सुमारे १३० खाती-मंडळांच्या कायद्यातच समाप्तीची तारीख लिहिलेली असते. त्याआधी विधिमंडळानं मुदतवाढीचं विधेयक मंजूर केलं नाही, तर खातं आपोआप रद्द. म्हणजे बंद पाडायला कुणाला काहीच करावं लागत नाही. चालू ठेवायचं तर खटपट करावी लागते. मेख इथेच आहे. रद्द झाल्यावर आवराआवरीला मात्र एक वर्ष मिळतं. विद्यापीठं आणि न्यायालयं यातून वगळलेली आहेत.

प्रश्न : तपासतं कोण? सामान्य माणसाला बोलता येतं का?

उत्तर : बारा जणांचा आयोग : विधिमंडळाच्या दोन सभागृहांतले पाच सिनेटर आणि पाच प्रतिनिधी, शिवाय दोन नागरिक. फेरी साधारण १२ वर्षांची. समजा, मुदत १ सप्टेंबर २०२७ला संपते. तर १ सप्टेंबर २०२५पर्यंत खात्यानं स्वतःचा लेखाजोखा द्यायचा : काम काय, तेच काम आणखी कोण करतं, आपण नसलो तर कुणाचं अडेल. मग आयोगाचे कर्मचारी खोलात जाऊन अहवाल छापतात, त्यावर जाहीर सुनावणी होते आणि नंतर आयोग शिफारशी ठरवतो. बोलायचं ते सुनावणीत किंवा लेखी. एकदा विधेयक सभागृहात गेलं की फार उशीर झालेला असतो. कारण अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच, विषम वर्षी, आणि तेही जास्तीत जास्त १४० दिवसांचं.

प्रश्न : आणि विधेयक रखडलं तर?

उत्तर : २०१९मध्ये प्लंबरना परवाने देणाऱ्या मंडळाचं तेच झालं. त्याचं काम राज्याच्या मध्यवर्ती परवाना खात्याकडे सोपवायचं की नाही यावर भांडण जुंपलं, अधिवेशन संपलं, विधेयक पडलं. मंडळच नव्हे, प्लंबिंग परवान्याचा कायदाही त्याच तारखेला बांधलेला होता! म्हणजे १ सप्टेंबरपासून राज्याचा परवाना नसलेला माणूसही घरातल्या नळ्या जोडू शकला असता. शेवटी राज्याचे निवडून आलेले प्रमुख, गव्हर्नर ॲबट यांनी २०१७च्या हार्वे वादळानंतरच्या पुनर्बांधणीचं कारण देऊन जूनमध्ये आपल्या आदेशानं मंडळाला मे २०२१पर्यंत तगवलं. २०१७मध्ये तर डॉक्टरांना परवाने देणाऱ्या मंडळाची मुदतवाढच राजकीय ओढाताणीत ओलीस धरली गेली आणि जुलैत खास अधिवेशन बोलवावं लागलं. जी तारीख खात्यांना धाक घालते, तीच पुढाऱ्यांच्या हातात कोलीत देते.

प्रश्न : महाराष्ट्रात असं काही आहे का?

उत्तर : अशी नियमित व्यवस्था नाही. मुदतीची तारीख मात्र आपल्यालाही ठाऊक आहे. संविधानाच्या कलम ३७१(२)खाली १९९४मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळं आली. वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली आणि ३० एप्रिल २०२०ला ती संपली. टेक्सासमध्ये तारखेच्या दोन वर्षं आधीपासून कागद मागवतात; इथे नुसती तारीख होती, तिच्याआधी करायची सक्तीची तपासणी नव्हती.