वाचकांचे प्रश्न : पावसातला वॉर्निश, परक्या मुलखाची माती आणि चावलेली चाके

रणगाडे आणि लष्करी गाड्यांच्या प्लास्टिक मॉडेल किटबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी सहा या वेळी घेतले आहेत. विचारणाऱ्यांची नावे न देता फक्त नाशिक परिसरातले ठिकाण दिले आहे.

प्रश्न : टी-५५चे १/३५ (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढे) किट पूर्ण करून शेवटी कॅनमधल्या मॅट वॉर्निशचा हात मारला. तासाभरात सगळ्या रणगाड्याला राख फासल्यासारखा पांढरा थर आला. जुलैची संध्याकाळ होती, बाहेर भुरभुर चालू होती आणि मी गॅलरीत स्प्रे करत होतो. सगळा रंग काढावा लागेल का? (सिडको)

काहीही काढू नका, रंग बहुतेक शाबूत आहे. कॅनमधला वॉर्निश बहुतेक वेळा लॅकर जातीचा असतो. त्यातला पातळ द्रव झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, तेच हे कारण. रणगाडा क्षणभर भोवतालच्या हवेपेक्षा गार होतो, दमट हवेतली वाफ त्यावर दव धरते आणि सुकत्या वॉर्निशमध्ये अडकते.

आधी परीक्षा करा. पांढऱ्या भागावर पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंबाखाली मूळ हिरवा रंग दिसला, तर पांढरेपणा वरवरचा आहे. खोली कोरडी करून पाण्याच्या अॅक्रिलिक ग्लॉसचे दोन पातळ हात द्या, हिरवा परत येईल. २४ तास थांबून कोरड्या दिवशी पुन्हा मॅट मारा. थेंबाखालीही पांढरेच राहिले, तर ओल थराच्या आत आहे. त्यावर लॅकरचाच सावकाश उडणारा थिनर, म्हणजे रिटार्डर असलेला, एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाने) अगदी धुक्यासारखा मारतात. थर किंचित मऊ होतो आणि अडकलेली ओल निघून जाते. मात्र वॉर्निशखाली डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे) किंवा ऑइल रंगाचे वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) असतील तर हा उपाय एकदम सगळीकडे करू नका. आधी रणगाड्याच्या पोटाखाली करून पाहा.

पांढरेपणाचे दुसरेही एक कारण असते. मॅटपणा आणणारी पूड कॅनच्या तळाशी बसते. कॅन नीट हलला नाही तर आधी नुसता द्रव येतो आणि शेवटी पूडच पूड. आतली गोळी खुळखुळायला लागल्यापासून पुढे पूर्ण दोन मिनिटे हलवा. कॅन गार असेल तर ४० अंशांच्या आत कोमट पाण्यात पाच मिनिटे ठेवा, गॅसजवळ मात्र कधीही नेऊ नका.

नाशिकमध्ये हे काम करणाऱ्याने आर्द्रता दाखवणारे साधे डिजिटल मीटर घ्यावेच. ६० टक्क्यांच्या आत खुशाल मारा. ६० ते ७० मध्ये पाण्याचे अॅक्रिलिक चालते, लॅकर टाळा. ७० च्या पुढे हात आवरा. मृगापासून हस्तापर्यंत गॅलरीत मॅट मारायचाच नाही. तो काळ जोडणी, घासणी आणि ब्रशच्या बारीक कामाला द्या. घरात एसी असेल तर ड्राय मोडवर दोन तास खोली कोरडी करून तिथे मारता येते, पण खोली बंद असल्याने कार्ट्रिजचा मास्क हवाच. कापडी मास्क थिनरची वाफ अडवत नाही. कॉम्प्रेसर वापरत असाल तर नळीत पाणी साठते आणि ऐन वेळी एअरब्रशमधून थेंब उडतो. पाणी अडवणारा फिल्टर लावा आणि पावसाळ्यात तो दर अर्ध्या तासाने रिकामा करा.

एप्रिल-मेमध्ये नेमके उलटे होते. अॅक्रिलिक नोझलच्या टोकावरच सुकते, सुई अडकते आणि रंग कोरडी पूड होऊन बसतो. तेव्हा थिनर नेहमीपेक्षा दीडपट घ्या, रिटार्डरचे दोन-तीन थेंब टाका आणि दाब १५ पीएसआयच्या आसपास आणा.

प्रश्न : अकरावीत आहे. एअरब्रश नाही. पहिले किट कोणते घेऊ आणि किमान काय काय लागेल? (कॉलेज रोड)

१/३५ मधली विलीज जीप घे. खरी जीप ३.३३ मीटर लांब, म्हणजे मॉडेल साडेनऊ सेंटिमीटरचे. रणगाड्यासारखी चाकांवरच्या पट्ट्यांची कटकट नाही, आणि आतले सगळे उघड्यावर असल्याने हात नीट बसतो. १/७२ स्वस्त पडते, पण त्यातले भाग नखाएवढे असतात. पहिल्याच वेळी हिरमोड होईल.

साइड कटर, पातळ पात्याची सुरी, चिमटा, ४००, ८०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर, पातळ सिमेंटची (प्लास्टिक जोडणाऱ्या द्रवाची) बाटली, १ आणि ३ नंबरचे सिंथेटिक ब्रश आणि ६ मिलिमीटरचा एक चपटा ब्रश, एवढ्यात काम होते. वॉटर पेपर कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात भाग जोडलेली फ्रेम धू. साच्यातले तेल राहिले तर रंग सोलून निघतो. भाग कापताना आधी एक-दोन मिलिमीटर लांबून काप, मग उरलेला खुंट सुरीने आणि पेपरने काढ. सरळ चिकटून कापलास तर प्लास्टिक ताणले जाऊन पांढरे पडते, कधी भागाचाच लचका निघतो. सिमेंट आधी लावून भाग चिकटवायचे नाहीत. दोन भाग कोरडे जुळवून धर आणि भरलेला ब्रश सांध्याला नुसता टेकव. सिमेंट आपोआप फटीत ओढले जाते. बोट मात्र सांध्यावर नको. सिमेंट बोटाखाली शिरले की ठसा प्लास्टिकमध्ये कायमचा उमटतो. घासायच्या आधी २४ तास थांब, नाहीतर मऊ सांधा नंतर बसतो आणि रंगावर खाच दिसते.

आधी प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर), मग पाण्याचा ऑलिव्ह ड्रॅब ताकाच्या निवळीइतका पातळ करून तीन हात. पहिला हात डागडागच दिसेल, त्याने घाबरू नकोस. सुकत आलेल्या रंगावर ब्रश परत फिरवायचा नाही, खालचा थर उचलला जातो. हेडलाइटच्या काचा फेव्हिक्विकने लावल्या तर त्याच्या वाफेने धुरकट होतात. तिथे फेव्हिकॉलचा एक ठिपका पुरे.

प्रश्न : १९७१च्या बसंतरच्या लढाईतला सेंच्युरियन करतो आहे. तळपाटासाठी (मॉडेलखालच्या जमिनीसाठी) सिन्नरकडच्या शेतातली माती फेव्हिकॉलमध्ये कालवून लावली. चार दिवसांत भेगा पडल्या आणि रणगाडा चिखलात लोळल्यासारखा दिसतो. काय चुकले? (देवळाली कॅम्प)

दोन गोष्टी, आणि दोन्हींचे मूळ त्या मातीतच आहे.

काळी माती पाण्याने फुगते आणि सुकताना आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच तुमच्या तळपाटावर पडल्या. फेव्हिकॉलमध्ये भरपूर पाणी असते, ते उडाले तसा थर आखडला. शिवाय फेव्हिकॉल सुकल्यावर चकाकतो, त्यामुळे कोरडी जमीनही ओली दिसते.

दुसरी गोष्ट ठिकाणाची. बसंतर ही रावीच्या बाजूची लहान नदी, मुलूख शकरगडचा. ती नद्यांनी आणून टाकलेली गाळाची जमीन, रंगाने करडी-पिवळट. आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा ‘फामागुस्टा’ नावाचा सेंच्युरियन १६ डिसेंबरला लढला, त्या मुलखात काळी जमीन नाही. रणगाड्यावर कोणता रंग द्यायचा याचा लोक महिनाभर कीस काढतात आणि त्याच्या पायाखालची जमीन घरामागून उचलतात. वर्ष आणि ठिकाण पक्के केले की जमिनीचा रंग आणि ओल ही दोन्ही त्यातूनच येतात.

आता नवा थर. बांधकामाची बारीक रेती चहाच्या गाळणीतून आणि मग मलमलच्या फडक्यातून चाळा. १/३५ मध्ये एक मिलिमीटरचा खडा म्हणजे ३५ मिलिमीटरचा दगड, हे चाळताना लक्षात ठेवा. ही पूड लोखंडी तव्यावर दहा मिनिटे कोरडी भाजा, म्हणजे पुढे बुरशी धरत नाही. दोन भाग रेती, एक भाग मुलतानी माती, रॉ अंबर आणि करड्या अॅक्रिलिकचा थोडासा रंग, आणि हे सगळे मॅट अॅक्रिलिक मीडियममध्ये भज्यांच्या पिठाएवढे घट्ट कालवा. मुलतानी मातीही फुगणारी असते, म्हणून प्रमाण वाढवू नका आणि एका वेळी एक मिलिमीटरपेक्षा जाड थर देऊ नका. जाडी हवी असेल तर खाली थर्माकोल किंवा कॉर्कची शीट घाला.

रणगाड्यावर तेच मिश्रण, पण बेताने. चिखल बसतो तो चाकांच्या आतल्या बाजूला, पट्ट्याच्या फटीत आणि मडगार्डच्या पोटात. सेंच्युरियनच्या बाजूला पत्र्याचे स्कर्ट असतात. वर उडालेला चिखल त्यांच्या आतल्या अंगाला लागतो, बाहेरून खालच्या कडेला शिंतोडे आणि वर नुसती धूळ. धुळीसाठी कोरडी मुलतानी माती मऊ ब्रशने झटकायची आणि मिनरल टर्पेंटाइनचा थेंब टेकवून बसवायची. रांगोळी वापरू नका, तिचा कण जाड असतो आणि चमकतो.

प्रश्न : पँथर रणगाडा गडद राखाडी रंगात करावा की पिवळ्या? (नाशिकरोड)

पिवळ्या. जर्मन गाड्यांचा मूळ रंग फेब्रुवारी १९४३ मध्ये राखाडीवरून गडद पिवळा झाला, आणि पँथर पहिल्यांदा लढला तो जुलै १९४३ मध्ये कुर्स्कला. पिवळ्यावरचे हिरव्या-तपकिरी रंगाचे पट्टे लष्करी तुकड्या स्वतः मारत, तिथे तुम्हाला मोकळीक आहे. झिमेरिटचा खरबरीत लेप मात्र कुर्स्कच्या पँथरवर नको. तो त्यानंतर आला आणि सप्टेंबर १९४४ मध्ये बंद झाला.

प्रश्न : १५ वर्षांपूर्वी केलेला शर्मन माळ्यावरून काढला. रबरी पट्टे चाकांना चिकटले आहेत आणि सोडवल्यावर चाकांच्या कडा चावल्यासारख्या दिसतात. उंदीर नव्हे ना? (पंचवटी)

उंदीर नव्हे. जुन्या किटमधले मऊ पट्टे व्हिनाइलचे असत. ते लवचीक राहावेत म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेले असते. ते हळूहळू बाहेर येते आणि टेकलेले पॉलिस्टायरीन मऊ करून खाते. माळ्यावरच्या उन्हाळ्याने ते काम लवकर झाले. न उघडलेल्या किटमध्येही असेच होते, म्हणून पट्टे आजच वेगळ्या पिशवीत काढून ठेवा.

चाकांच्या खाचा पातळ पुट्टीने भरा. गॅरेजवाल्यांची लांबी (गाडीचे खड्डे भरायची पुट्टी) घेतलीत तर एका वेळी कागदाएवढाच थर द्या. तिच्यातले थिनर जाड थरात प्लास्टिक मऊ करते. चाक ड्रिलच्या टोकाला काडीवर बसवून हळू फिरवत ८०० च्या पेपरने गोल करा. नवे पट्टे प्लास्टिकच्या सुट्या कड्यांचे घेतलेत तर हा त्रास पुन्हा होणार नाही. जुनेच वापरायचे असतील तर चाकाची कड आणि पट्ट्याची आतली बाजू दोन्हींवर रंगाचा पूर्ण थर हवा. पट्टा ताणून लावू नका, शेवटच्या चाकाचा आस वर वाकतो.

पट्टे रंगवतानाही एक बघा. शर्मनचे बरेच पट्टे रबरी ठोकळ्यांचे होते. त्या ठोकळ्यांवर पेन्सिलीने चांदीची चमक आणली की चूक ठरते. रबर काळपट करडे ठेवा आणि चमक फक्त ठोकळ्यांना जोडणाऱ्या लोखंडी कड्यांच्या कडेला द्या. टी-३४ चे पट्टे सबंध पोलादी, तिथे जमिनीला घासणारा उंचवटा चकचकीत हवा. चालत्या रणगाड्याचा पट्टा गेरूसारखा लाल कधीच नसतो.

प्रश्न : डिकलभोवती चांदीसारखी कड दिसते. शिवाय वॉशसाठी गॅरेजमधले एनसी थिनर वापरले तर मडगार्ड वितळले. (सातपूर)

मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. डिकलच्या पापुद्र्याखाली हवा राहते आणि ती चांदीसारखी चमकते. डिकल लावण्याआधी त्या जागी ग्लॉसचे दोन हात द्या, २४ तास सुकू द्या, मग डिकल मऊ करणारे द्रावण वापरा. आता लागलेल्या डिकलला बारीक सुईने चार-पाच टोचे मारा, त्यात द्रावणाचा थेंब सोडा आणि ओल्या कापसाने आतून बाहेर दाबा. दोन-तीनदा केले की कड बसते. द्रावण लावल्यावर डिकल सुरकुतते. तेव्हा हात लावू नका, सुकताना ते आपोआप ताणले जाते.

एनसी थिनर पॉलिस्टायरीन विरघळवतेच. त्याने फक्त एअरब्रशचे धातूचे भाग धुवा, रबरी वायसर आधी काढून. वॉशला ऑइल रंग आणि मिनरल टर्पेंटाइन घ्या, खाली अॅक्रिलिक रंग आणि ग्लॉसचा थर असू द्या. टर्पेंटाइनचा थेंब काचेवर सुकवून पाहा. तेलकट वर्तुळ उरले तर ती बाटली दारे-खिडक्यांच्या रंगाला ठेवा. चांगले टर्पेंटाइनही सांध्यात डबक्यासारखे साठू देऊ नका. ताण बसलेले प्लास्टिक, विशेषतः चाकांचे आस, त्यानेही तडकतात. वॉश लावून दहा मिनिटांनी रणगाडा उलटा करून टिश्यूचे टोक पोटाच्या कोपऱ्यांना लावा, साठलेले त्यात उतरेल.