नोव्हेंबरात नको येऊ, एप्रिलात ये

तुझा प्रश्न दोनदा वाचला. नवऱ्याला बर्लिनमध्ये नोकरी लागली, मोठी पोरगी अडीच वर्षांची, धाकटं पाच महिन्यांचं. आर्वीजवळच्या गावातलं भरलं घर सोडून तिथे एकटीनं दोन लेकरं सांभाळणं जमेल का, आणि सासूबाईंना सोबत आणावं का, एवढंच तुला विचारायचं आहे. तू माझ्या धाकट्या बहिणीच्या वर्गातली, म्हणून अहो-जाहो करत नाही. जमेल. पण कशानं जमेल ते सांगते, कारण 'सगळं मस्त आहे, या' म्हणणारे तुला पुष्कळ भेटतील.

आपल्या घरी लेकरू कोणी एक जण सांभाळत नाही. तू आंघोळीला गेलीस की ते जाऊबाईच्या कडेवर जातं, तिथून सासऱ्यांच्या बाजेवर, तिथून शेजारच्या काकूच्या अंगणात. तू केस पुसत बाहेर येतेस तोवर त्याला कोणीतरी वरणभात चारलेला असतो. 'जरा बघता का' असं तू कोणाला विचारलेलंही नसतं. बर्लिनमध्ये मदत मिळत नाही असं नाही, गावापेक्षा जास्त मिळते. पण प्रत्येक गोष्ट मागावी लागते, तीही काही महिने आधी आणि अर्ज भरून. मागायची लाज वाटली की हाल होतात. माझे पहिल्या वर्षी झाले.

सुरुवात घराच्या पत्त्यापासून कर. घरात राहायला गेल्यावर 14 दिवसांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, आनमेल्डुंग म्हणतात तिला. त्या एका कागदाशिवाय पुढचं काहीच सरकत नाही. आम्ही पहिल्यांदा एक सजवलेलं घर महिन्याच्या करारानं घेतलं आणि घरमालक म्हणाला, या पत्त्यावर नोंदणी होणार नाही. त्यात आमचे सहा आठवडे गेले. नवऱ्याला सांग, भाडं ठरवायच्या आधी 'या पत्त्यावर नोंदणी होईल' हे एक वाक्य लेखी घे.

नोंदणी झाली की त्याच आठवड्यात किटाच्या मागे लाग. किटा म्हणजे आपली अंगणवाडी आणि पाळणाघर एकत्र, शाळेत जाईपर्यंत. लेकराला पहिल्या वाढदिवसापासून तिथे जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, 2013 पासून. बर्लिनमध्ये 2018 पासून फीही नाही, जेवणाचे महिन्याला 23 युरो तेवढे भरायचे. त्यासाठी आपल्या भागाच्या युगेंडआम्ट नावाच्या कचेरीतून 'गुटशाइन', म्हणजे किटासाठीचं सरकारी हक्कपत्र, काढायचं. ते मिळालं म्हणजे जागा मिळाली असं मात्र नाही. जागा आपण शोधायची, दारोदार. मी अकरा ठिकाणी गेले. पोरीला बोटाशी धरून, गळ्यात फाइल अडकवून, तीन वाक्यांचं पाठ केलेलं जर्मन बोलत. बाराव्या ठिकाणी फोन केला आणि तिथे जागा निघाली. गुटशाइनचा अर्ज प्रवेशाच्या नऊ महिने आधीपासून करता येतो, म्हणजे धाकट्याचाही तू आल्याआल्याच करू शकतेस. त्याला 'आता तर रांगतही नाही' असं म्हणत बसू नको.

आता आइनगेव्योनुंग. हा शब्द तू इथे आल्यावर शंभरदा ऐकशील; अर्थ, सवय लावणं. आपल्याकडे अंगणवाडीच्या दारात लेकरू रडत सोडून सेविकाताई म्हणतात, 'जा तुम्ही, होतं गप्प.' इथे तसं नाही. पहिले तीन दिवस आईनं किंवा बापानं किटात कोपऱ्यात बसायचं, काही करायचं नाही, नुसतं दिसत राहायचं. चौथ्या दिवशी निरोप घेऊन काही मिनिटं बाहेर जायचं. लेकरू सावरलं तर दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. सगळं धरून दोन-तीन आठवडे, कधी महिनाही जातो. त्या चौथ्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसले होते, हातात पोरीची टोपी. आत रडण्याचा आवाज आला, मग थांबला. थांबला म्हणून मला जास्त रडू आलं, हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. असो. नोकरी शोधत असशील तर हा महिना त्यात धर.

डॉक्टरचं सांगते. लेकरांचे डॉक्टर मिळणं हे घर मिळण्याइतकंच अवघड. सहा ठिकाणी 'नवीन पेशंट घेत नाही' ऐकलं, सातवं खालच्या मजल्यावरच्या बाईनं सांगितलं. ताप यायच्या आधी डॉक्टर ठरलेला पाहिजे. इथे ठरलेल्या वयात ठरलेल्या तपासण्या असतात, यू-1 ते यू-9, पिवळ्या वहीत नोंद होते. तुझ्या धाकट्याची यू-5 सहाव्या-सातव्या महिन्यात येते आणि मोठीची यू-7ए तीन वर्षांची होत आली की. रात्री-बेरात्री 116117 वर फोन करायचा, जिवावरचं असेल तर 112. आणि साध्या सर्दी-खोकल्याला डॉक्टर औषध देत नाहीत. 'पाणी पाजा, आराम करू द्या' म्हणून परत पाठवतात. पहिल्यांदा मला वाटलं, यांनी बघितलंच नाही. आपल्याकडे सुई टोचली नाही तर डॉक्टरनं काही केलंच नाही असं म्हणतात ना, तसं.

लसीचं कार्ड मात्र आजच हातात घे. आशाताईनं लिहिलेल्या तारखा तिला आणि देवालाच वाचता येतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा आर्वीच्या डॉक्टरकडून सगळ्या लसी तारखेसह इंग्रजीत, सही-शिक्क्यानिशी लिहून आण. इथे 2020 पासून गोवरची लस असल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय किटात घेत नाहीत. एक वर्षानंतर एक डोस, दोन वर्षांनंतर दोन. माझ्या मोठीच्या दंडावरचा बीसीजीचा व्रण बघून आमच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं की हे काय. जर्मनीत ती लस 1998 पासून सुचवतच नाहीत.

सासूबाईंचं काय, हा खरा प्रश्न. माझ्या धाकट्याच्या वेळी माझ्या सासूबाई आल्या होत्या. भेटीच्या व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, त्यामुळे कायमचा आधार म्हणून त्यांचा हिशेब धरू नको. बाळंतपणात त्यांनी फार केलं. मालिश, शेपा, अळिवाची खीर, सगळं. मग एका सकाळी लेकराला धुरी द्यायची म्हणून ओवा आणि बाळंतशेपा तव्यावर टाकून खोलीत आणल्या. बर्लिनमध्ये प्रत्येक घराच्या झोपायच्या खोलीत स्मोक अलार्म लागतोच. तो असा किंचाळला की लेकरू, मी आणि सासूबाई, तिघंही एकदम रडायला लागलो. नवरा खुर्चीवर चढून फडक्यानं वारा घालतोय आणि दारात वरच्या मजल्यावरचे म्हातारे आजोबा, पायात चपला, हातात अग्निशामक सिलिंडर! त्यांना धुरी समजावून सांगण्याइतकं जर्मन माझ्याकडे तेव्हा नव्हतं. अजूनही नाही.

तुझं बाळंतपण झालेलं आहे, पण पुढे कधी उपयोगी पडेल म्हणून सांगते: इथे सुईण घरी येते, हेबामे म्हणतात. पहिले दहा दिवस रोज, मग बारा आठवड्यांपर्यंत गरजेप्रमाणे, आणि पैसे विमा भरतो. आमच्या हेबामेला तेलाची मालिश फार आवडली, तिनं सासूबाईंकडून शिकून घेतली. काजळाला मात्र सरळ नाही म्हणाली, घुटीतल्या मधालाही. मध वर्षाच्या आत लेकराला देऊच नये, ते तिचं बरोबरच होतं. आणि एक गंमत. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात ऊन लागू नये म्हणून पाळण्यावर ओलं पातळ टाकतात. इथे ऊनच थेंबांतून पाजावं लागतं. ड जीवनसत्त्वाचे थेंब नाहीतर गोळी, रोज, दुसरा हिवाळा संपेपर्यंत.

म्हणूनच म्हणते, नोव्हेंबरात येऊ नको. डिसेंबरात इथे चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. सकाळी आठपर्यंत अंधार, दुपारी चारला अंधार, नवरा सहाला येणार. ते मधले दोन तास म्हणजे एक लेकरू अंगावर, दुसरं 'बाहेर चल' म्हणून दाराशी, आणि खिडकीखाली रस्त्यावर कोणीही नाही. माझ्या सासूबाई फेब्रुवारीत खिडकीशी बसून विचारायच्या, 'एवढं मोठं शहर, माणसं कुठं गेली व?' एप्रिलात आलीस तर तुला पाच-सहा महिने उजेडाचे मिळतील. वाळूची मैदानं प्रत्येक गल्लीत आहेत, आणि तिथेच बाया भेटतात. माझी इथली पहिली मैत्रीण तुर्की, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, लेकरांनी एकच फावडं धरून ओढाताण केली आणि ओळख झाली. हिवाळ्यातही इथली लेकरं बाहेर असतात, चिखलाची पावसाळी पँट घालून. सुरुवातीला मला वाटायचं, या बायांना मायाच नाही. आता मीही तेच करते.

घर शक्यतो लिफ्टचं बघ. जुन्या सुंदर इमारतींना लिफ्ट नसते आणि बाबागाडी चार मजले चढवणं हा रोजचा व्यायाम होतो. बसमध्ये बाबागाडीला मधल्या दाराशी जागा असते, सहा वर्षांखालच्या लेकराला तिकीट नाही. भुयारी रेल्वेच्या स्टेशनात लिफ्ट बंद असते तेव्हा पायऱ्यांशी नुसती उभी राहा. कोणीतरी येतं, न बोलता पुढची चाकं उचलतं, वर ठेवतं आणि निघून जातं. आभार ऐकायलाही थांबत नाही.

रविवारी दुकानं बंद आणि शांतता पाळायची. आमच्या दाराला एकदा चिठ्ठी चिकटली होती, पोरगी घरात पळते म्हणून. नवरा तिला उत्तर लिहायला बसला होता, कारण लेकरांचा आवाज इथे चालवून घ्यावा लागतो म्हणे. मी जुन्या बाजारातून दोन जाड गालिचे आणले. चिठ्ठी परत आली नाही.

पैशांचं थोडक्यात. प्रत्येक लेकरामागे सरकारकडून महिन्याला किंडरगेल्ड मिळतं, 2025 मध्ये 255 युरो होतं, 2026 पासून 259. मागच्या सहाच महिन्यांचं मिळतं, म्हणून अर्ज लांबवू नको. आरोग्य विमा सरकारी पद्धतीचा घ्या, त्यात तू आणि दोन्ही लेकरं वेगळा हप्ता न भरता येता. खासगीत प्रत्येकाचा वेगळा. लेकरू आजारी पडलं तर या विम्यावर आईबापाला एका लेकरामागे प्रत्येकी वर्षाला 15 दिवस सुटी घेता येते, आणि बापही घेतात. माझा नवरा गावी असता तर त्यानं पोरीची वेणी कधी घातली नसती, हे सासूबाई रागानं म्हणतात आणि मी हसते.

सामानात तूप, खवा, पेढे आणू नको, दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपात बंदी आहे. लेकराची बंद डब्यातली दूध पावडर चालते. तूप इथल्या लोण्याचं कढवता येतं, छान होतं. गरम कपडेही आणू नको, नागपूरचे स्वेटर इथे दसऱ्यापर्यंतच पुरतात. मोठीचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल मात्र आण, चाकं काढून कपड्यांत गुंडाळ. तिकिटाची तारीख ठरली की कळव. आमच्या पोरीच्या लहान झालेल्या दोन पावसाळी पँटी आहेत, धुवून ठेवते.